चूक जिथं छापली तिथं

मंगळवार, १३ फेब्रुवारी २००७, सकाळ. शिरड शहापूरच्या पुढचा तांडा, तुझ्या भावाचं अंगण.

हजर: तुझी याडी, म्हणजे आई. भाऊ दिलीप, भावजय सुनीता. दोन्ही काकवा, थोरली आणि धाकटी. तांड्याचे नायक. तुझ्या पेपरच्या हिंगोली कार्यालयातून देशमुख सर. मंडपवाले सलीमभाई, न बोलावता सतरंज्या घेऊन आलेले. मी. पुण्याच्या संस्थेतून कोणी नाही, कारण कळवावं असं तिथं आता कोणी उरलेलं नाही.

हजेरी मी सवयीनं घेतली. तू असतीस तर म्हणाली असतीस, लिही गं कारभारीण, मयताचीबी हजेरी लिही. लिहिली, शेवंता. तुझं नाव हजरमध्ये टाकायचं की गैरहजरमध्ये, तेवढं कळलं नाही, म्हणून ते कागदावर कुठंच नाही.

पाटावर तुझा फोटो होता. फोटो म्हणजे पेपरातलं कात्रण, वहीच्या पुठ्ठ्यावर डकवलेलं, वर झेंडूचा हार. तोच फोटो. ओढणी कपाळापर्यंत ओढलेली, डोळे गच्च मिटलेले, गाल ओले, मानेवर एका म्हातारीचा हात. आणि खाली ओळ: ‘कै. शेवंता राठोड यांचे विवाहप्रसंगीचे छायाचित्र’.

तुझं लग्न झालं नव्हतं. अंगणात बसलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं आणि प्रत्येक जण त्या ओळीकडे बघत होता. दहा वर्षं तू ह्या एका फोटोखालची एक ओळ बदलून घ्यायला झटलीस. तू गेलीस आणि तुझ्याच पेपरनं ती ओळ आणखी पक्की करून छापली.

देशमुख सर माझ्या शेजारी येऊन बसले तेव्हा त्यांना माझ्याकडे नीट बघवत नव्हतं. बातमी नांदेडच्या डेस्कवर लागली, तिथल्यांनी फोटो मागितला, पोरांनी कपाट उपसलं तर तुझ्या नावाचं एकच पाकीट निघालं, पाकिटात हा एकच फोटो. मागचा पडदा लग्नाचा, अंगावर नवरीचे कपडे, पाठीमागच्या जुन्या चिठ्ठीवर ‘वधू’. डेस्कवरच्या माणसानं दुसरं काय लिहावं? तुझा दुसरा फोटो कुणाकडेच नव्हता. कसा असणार, कॅमेरा कायम तुझ्या गळ्यात. सर हळूच म्हणाले, “मॅडम, दुरुस्ती टाकू. तुमी दोन ओळी लिहून द्या. तुमाला समदं माहीत हाये.”

मला सगळं माहीत आहे. म्हणूनच त्या दोन ओळी होत नाहीत.

*

आपली ओळख हिंगोलीच्या एसटी स्टँडवरची. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती आणि पुण्याची गाडी पकडायला लोक घरातून जेवून निघत. मी माझ्या सामानाची यादी पुन्हा तपासत होते: घोंगडी, तांब्या, स्टोव्हच्या पिना, प्रमाणपत्रांच्या प्रती. तू बाजूच्या बाकावरून वाकून वाचलंस आणि विचारलंस, “एवढी यादी? लगन हाये का तुझं?” मी म्हटलं, नाही, उमेदवारीला चालले. तू तुझ्या पिशवीतून तेच पत्र काढून दाखवलंस. तेच बोधचिन्ह, तीच तारीख.

परदेशातली ती संस्था, तिचं नाव मी इथं घेत नाही. माणसं वाईट नव्हती आणि आता ती नाहीतही. तिकडचे कलावंत इकडे आणायचे, इकडचे तिकडे पाठवायचे, दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांना बघावं, ऐकावं, हा त्यांचा धंदा. पुण्यात वाचनालय, भाषेचे वर्ग, शुक्रवारचा सिनेमा आणि एक प्रसिद्धी विभाग. त्या विभागात जिल्ह्यांमधल्या मुलामुलींना सहा महिन्यांची उमेदवारी द्यायची असं त्यांनी ठरवलं होतं. तुमच्या तांड्यावर तू ‘उमेदवारी’ म्हणालीस तर नायकांनी विचारलं होतं, कोणत्या वार्डातून उभी राहून राहिलीस पोरी? ते तू गाडीत सांगितलंस आणि जिंतूर येईपर्यंत आपण हसत होतो. मी औंढ्याजवळच्या शेतकऱ्याची लेक, तू तांड्यावरची. दोघींची गावं अर्ध्या तासाच्या अंतरावर, आणि भेटायला पुण्याची गाडी लागली.

प्रसिद्धी विभाग म्हणजे एक लांब टेबल, दोन टाइपरायटर, डिंकाची बाटली आणि वसुधाताई. रोज सकाळी पेपर कापायचे, कात्रणं डकवायची, कार्यक्रमाची पत्रकं पाकिटात भरायची, मग फोन: नमस्कार, संस्थेतून बोलतेय, उद्याच्या कार्यक्रमाला आपला वार्ताहर येईल ना? तू फोनवर पहिल्यांदा बोललीस तेव्हा पलीकडच्यानं विचारलं, आपण कुठून बोलताय? तू म्हणालीस, “टेबलावरून.” वसुधाताई आठवडाभर ते सगळ्यांना सांगत होत्या. तू रुसली नाहीस. तू त्यांच्याकडून एकेक गोष्ट शिकून घेतलीस, जशी बाई दुसऱ्याच्या घरातून पाटा-वरवंटा मागून आणते तशी, लागेल तेवढी, आणि बोजड असली तरी.

त्यांच्या नियमांपैकी दोन नियम आपल्या जन्माला पुरले.

एक: फोटोखालची ओळ आधीच टाइप करून ठेवायची. कार्यक्रम संपल्यावर वेळ नसतो. फोटो धुवून निघाला की तयार चिठ्ठी पाठीमागे डकवायची आणि पाकीट गाडीत. बाहेरगावी तर हे फारच गरजेचं, तिथं टाइपरायटर कुठून आणणार?

दुसरा: चूक जिथं छापली तिथंच दुरुस्ती. त्याच पेपरात, त्याच पानावर. दुसरीकडे कुठंही लिहिलं तर ती दुरुस्ती नव्हे, तो नुसता खुलासा. हा नियम तुला इतका लागला की एका तबलजीचं आडनाव आपल्या पत्रकात चुकलं तेव्हा तू एकेका पेपरच्या कचेरीत पायी जाऊन बसलीस, त्याच पानावर दोन ओळी येतील असं वदवून घेईपर्यंत. मी विचारलं, त्या तबलजीला तरी फरक पडतो का? तू म्हणालीस, त्याच्या आईला पडत असंल.

*

मग ती बैठक. संस्थेच्या त्या थंड देशातल्या तीन बायका येणार होत्या. त्यांच्या डोंगरातल्या खेड्यांत लेक सासरी निघाली की म्हाताऱ्या रडत रडत गातात, ती गाणी त्या म्हणत. मोठ्या बाईंना, म्हणजे संस्थेच्या प्रमुख बाईंना, हा कार्यक्रम पुण्याबाहेर न्यायचा होता. कुठं न्यावा यावर सगळे बोलत होते आणि तू टेबलाच्या टोकाला बसून हळूच म्हणालीस की आमच्यातबी रडून गातात, ढावलो म्हणतात, माझ्या आजीला समदे येतात. मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. पुढच्या पाच मिनिटांत कार्यक्रम हिंगोलीला ठरला: अर्धा वेळ त्यांच्या बायका, अर्धा वेळ तुमच्या.

तेवढा आनंद मी तुझ्या तोंडावर पुन्हा पाहिला नाही. तुझी आजी, जिनं तालुक्याचं गावही कामापुरतंच पाहिलं होतं, ती सभागृहात खुर्चीवर बसणार, आणि पत्रकात तिचं नाव तू टाइप करणार.

ढावलो कसा असतो ते तूच मला समजावलं होतंस. तो समोर बघून गायचा नसतो. नवरी आणि तिच्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडतात आणि रडता रडता गातात. बापाचं अंगण, गुरं, बरोबरीच्या मुली, एकेकाचं नाव घेऊन निरोप. त्यासाठी तुझी चुलत बहीण कविता नवरी म्हणून बसायला तयार झाली. तिचं लग्न आदल्या वर्षी झालं होतं, म्हणजे कुणाला काही वावगं वाटायचं नाही. तू पुण्यातून चिठ्ठ्या टाइप करून आणल्यास. ‘बंजारा वधू, ढावलो ऐकताना. हिंगोली.’ नीटनेटक्या, कोपरे कापलेल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी कविताच्या सासरहून निरोप आला, पाठवत नाही.

मी त्या वेळी पाहुण्यांच्या चहाकडे होते, सलीमभाई पडदा बांधत होते. त्यांच्याकडे एकच मोठा पडदा होता, लग्नाचा, गुलाबी झालरीचा. वरची ‘शुभविवाह’ची अक्षरं तेवढी त्यांनी सोडवून घेतली. मी परत आले तर तुझी आजी रंगमंचाच्या मधोमध बसलेली, आणि मोठ्या बाई तिला दुभाष्यामार्फत समजावून सांगत होत्या की नवरी नसली तरी चालेल, नुसतं गाणं म्हणा, माइक आहे. आजी शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, “मंग माइकाच्या गळ्यात पडून रडू का?”

सगळे हसले. ती हसली नाही. गळा नसेल तर ढावलो निघत नाही, तिच्या लेखी विषय संपला होता. काकवा उठून चपला शोधायला लागल्या.

तू हातातली पाकिटं माझ्याकडे दिलीस. कविताचे कपडे, आरसे लावलेला फेटिया म्हणजे घागरा, कांचळी, ओढणी, गाठोड्यातून काढलेस आणि म्हणालीस, “मी बसते. काम हाये ते.”

थोरल्या काकीनं तुला तिथंच अडवलं होतं. तुमच्या बोलीत काहीतरी झालं, तू नंतर मला सांगितलंस: ती म्हणत होती, तुझी सगाई ठरलीय, खरा ढावलो व्हायचाय, आधीच काहून घेतेस? आणि तू तिला सांगितलंस, हे नाटक हाये.

नाटक तुझ्या आजीला येत नव्हतं. तिनं तुझ्या गळ्यात हात टाकला आणि खरोखरच तुला सासरी पाठवलं. मला शब्द कळले नाहीत, पण मधेच तुझ्या वडिलांचं नाव आलं, त्यांना जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते, आणि तू जी रडलीस ती कुणालाच नाटक वाटली नाही. मागे बसलेल्या तिघी परदेशी बायकांतली सगळ्यात म्हातारी उठली. कार्यक्रमात तसं काही नव्हतं. ती तुझ्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली, तुझ्या मानेवर हात ठेवला आणि तिच्या भाषेत तिचं गाणं सुरू केलं. दोन म्हाताऱ्या, मध्ये तू. सभागृहात हळदीच्या बाजारातले व्यापारी बसले होते, कॉलेजची पोरं होती, एकानंही शिट्टी मारली नाही. फोटोतला हात तिचा आहे. पेपरवाल्यांनी फोटो कापला, त्यात ती गेली, हात राहिला.

कार्यक्रम संपल्यावर आजीनं तुला त्याच कपड्यांत जेवायला बसवलं, उठू देईना. तिकडे संस्थेच्या फोटोग्राफरनं फोटो धुतले, तयार चिठ्ठ्या पाठीमागे डकवल्या आणि सकाळच्या गाड्यांत पाकिटं दिली. त्यानं त्याचं काम चोख केलं. सगळ्यांनीच आपापलं काम चोख केलं होतं, शेवंता. हे मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं आहे.

तिसऱ्या दिवशी स्टँडवरच्या पेपरच्या दुकानात तू पान उघडलंस आणि पहिल्यांदा हसलीस. म्हणालीस, “माझंच वाक्य गं.”

*

सगाई ठरलेला मुलगा पुसदकडच्या तांड्यावरचा होता, आश्रमशाळेत शिक्षक. तुला आवडला होता. हे तू कधी म्हणाली नाहीस, पण पुण्यात असताना तू त्याचं अक्षर चांगलं आहे असं मला दोनदा सांगितलं होतंस.

त्याचा चुलता आला. सोबत पेपर. नायकांनी सगळं समजावलं: संस्थेचा कार्यक्रम होता, पोरगी कामावर होती, बहीण आली नाही म्हणून बसली. चुलत्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला की बरं, पेपरातलं चुकलं असंल. पण म्हाताऱ्या बाईनं ढावलो तर खराच काढला ना? गळ्यात पडून? एका पोरीला दोनदा कसं पाठवायचं? त्याचं काही खोटं होतं असं तिथं कुणाला म्हणता आलं नाही. तुझ्या आजीला तर माहीतच होतं तिनं काय गायलं ते.

सगाई मोडली. नंतर तुला बघायला आलेल्यांनी तर एवढंही विचारलं नाही. त्यांना पेपर पुरला. वधू छापलंय म्हणजे झालं असंल, मोडलं असंल, लपवत असतील.

तू पुण्याला गेलीस, दुरुस्ती मागायला. मीही तिथंच होते, दाराबाहेर. मोठ्या बाईंना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी तुला जवळ घेतलं, चहा मागवला. म्हणाल्या, संस्थेच्या पत्रिकेच्या पुढच्या अंकात नक्की. पण तो फोटो सगळ्यांना फार आवडला होता. पुढच्या पत्रिकेच्या मुखपृष्ठावर तोच आला, ‘बंजारा वधू’. मग त्यांच्या देशातल्या प्रदर्शनात, मग वर्षाच्या अहवालात. तू प्रत्येक वेळी पत्र लिहिलंस. उत्तरं येत गेली, सभ्य, टाइप केलेली, पुनर्मुद्रणाच्या वेळी अवश्य विचार करू. पुढे मोठ्या बाईंची बदली झाली, वसुधाताई निवृत्त झाल्या, आणि एका वर्षी संस्थेनं पुण्याचं कार्यालयच बंद केलं. वाचनालयाची पुस्तकं कॉलेजांना वाटली. फोटो कुठं गेले ते कुणी सांगू शकलं नाही.

हिंगोली जिल्हा झाला, आणि तू त्याच पेपरची वार्ताहर झालीस ज्यानं तो फोटो आधी छापला होता. मी कॉलेजच्या कार्यालयात लागले. जिल्हा परिषद, पाणीटंचाई, हळदीचे भाव, नागनाथाची यात्रा, सगळं तू लिहिलंस. आणि कुणाचं नाव चुकलं, कुणाचं गाव चुकलं की दुसऱ्या दिवशी त्याच पानावर दुरुस्ती. देशमुख सर वैतागायचे, म्हणायचे, बाई, आपला पेपर हाये का पापाचा पाढा? तू छापायचीसच. लोकांना वाटायचं तू फार चुकतेस.

स्वतःची एक दुरुस्ती तेवढी तू टाकली नाहीस. ह्यावर आपण किती भांडलो. मी म्हणायचे, हातात पेपर आहे, टाक दोन ओळी आणि संपव. तू म्हणायचीस, स्वतःची दुरुस्ती स्वतः लिहिणं बरं दिसत न्हाई, मागणी दुसऱ्याकडून यायला पाहिजे. मग मी लिहून द्यायचे. तीन वेळा दिलं. तिन्ही वेळा तू खोडलंस.

शेवटचं भांडण गेल्या दिवाळीतलं, औंढ्याला, देवळाबाहेरच्या हॉटेलात. तुझे डोळे पिवळे दिसत होते, मी ते बोलले, तू म्हणालीस आधी हे ऐक. माझा कागद पुढे ओढून वाचलास.

“‘सदर महिला वधू नव्हत्या.’ बराबर. मंग कोण होते मी?”

“संस्थेची कर्मचारी. लिहिलंय की पुढे.”

“कर्मचारी अशा रडत असतात का गं?”

मी म्हटलं, मग काय लिहू, नाटकातली नवरी? तू कागद घडी करून माझ्या पर्समध्ये कोंबलास. म्हणालीस, “तू हजेरी घेणारी बाई. माझी हजेरी बराबर लाव. मी कामावर होते. आन् रडले तेबी खरं होतं, माझ्या बापासाठी, माझ्यासाठी. आजीनं मला पाठवलं तेबी खरं. हे समदं दोन ओळींत बसव, मंग दे. छापते.”

मी चिडून म्हटलं, दोन ओळींत हे बसत नाही. तू म्हणालीस, “मंग तुला येत न्हाई म्हण ना. मला काहून भांडतीस?” आणि उरलेलं भजं उचलून खाल्लंस. मग डॉक्टरकडे जायचं तू पुढच्या आठवड्यावर ढकललंस, मग त्याच्या पुढच्या. कावीळ पोटात घेऊन तू टँकरच्या बातम्या देत फिरलीस. नांदेडला नेलं तोवर डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं.

*

मंगळवारी बायका रडायला बसल्या. तुमच्यात मयतालाही बायका गळ्यात पडून गाऊन रडतात हे मला माहीत होतं. चाल मला तीच वाटली. मला चालीतलं फारसं कळत नाही, म्हणून मी धाकट्या काकीला विचारलं. ती म्हणाली, बोल वेगळे असतात बाई, रडणं तेच. थोरली काकी याडीच्या गळ्यात होती. मला कुणी ओढलं नाही आणि मी स्वतः उठले नाही. मी भिंतीला टेकून बसले होते आणि माझ्या डोक्यात एवढंच चाललं होतं की पाटाखालची सतरंजी वाकडी झालीय.

लोक पांगल्यावर मी याडीजवळ गेले. देशमुख सरांचं सांगितलं. म्हटलं, फोटोखालचं चुकीचं छापलंय, ते दुरुस्त करून घेते, शेवंताचीच इच्छा होती.

याडीनं सुनीताला हाक मारली, कात्रण उचलून तिच्या हातात दिलं, वाच म्हणाली. सुनीतानं वाचलं. याडी म्हणाली, पुन्हा वाच. सुनीतानं पुन्हा वाचलं, ‘विवाहप्रसंगीचे’ वर अडखळली, तिसऱ्यांदा याडीनं सांगायच्या आधीच वाचलं. तेव्हा मला समजलं की हे सकाळपासून चाललं आहे.

मग ती माझ्याकडे वळली. “राहू द्या बाई तसंच. समद्या जिल्ह्यानं वाचलंय. दहा साल लोकं येऊन मला विचारू राहिले, पोरीचं काहून केलं न्हाई, काहून केलं न्हाई. परवापासून कुणी विचारलं न्हाई.”

मी म्हटलं, पण ते खरं नाही, याडी.

“मला ठावं हाये. मी तिची माय.” तिनं कात्रण परत पाटावर नीट ठेवलं, हार सारखा केला. “कागदात तरी झालं ना तिचं. आता तेबी मोडता का तुमी?”

सलीमभाई सतरंज्या गुंडाळत होते. देशमुख सर गाडीकडे निघून गेले. तुझ्याकडून भांडायला मी तिथं एकटीच होते आणि समोर तुझी आई होती. तुला सांगते, त्या क्षणी मला तुझा फार राग आला. तिसरा कागद तरी ठेवून घ्यायचा होतास. वाकडातिकडा, अपुरा, पण तू जिवंत असताना छापून गेला असता आणि आज तुझ्या आईच्या हातातून मला काही काढून घ्यावं लागलं नसतं.

घरी आले. कामं होती, ती केली. तुझ्या खोलीचं कुलूप, तुझा कॅमेरा दिलीपकडे, तुझी पुस्तकं कॉलेजच्या वाचनालयात, तुझ्या गाडीची किल्ली. एकेक कामावर काट मारली. मला वाटायचं काम उरकलं की माणूस हलका होतो. एवढी वर्षं माझं घर, माझं कार्यालय, माझी मुलं मी ह्याच एका समजुतीवर चालवली. तसं काही होत नाही. काट मारलेली प्रत्येक ओळ म्हणजे तुझं आणखी एक काहीतरी संपलं, एवढंच झालं.

तुझे आभारही मानायचे होते ह्या लेखात. टेबलावरून बोलायला तू शिकवलंस, कुणाचंही नाव लिहिण्याआधी त्याच्या आईचा विचार करायला तू शिकवलंस. आता त्याच शिकवणीनं माझा हात धरून ठेवला आहे. दुरुस्ती छापली तर तुझ्या याडीला लागेल. नाही छापली तर तू कायमची, सगळ्या जिल्ह्यात, जे तू नव्हतीस ते राहशील. ह्यातून तिसरा रस्ता मी शोधून पाहिला. असेल असं आता वाटत नाही.

हा लेख मी पुण्याच्या मासिकाला पाठवते आहे. आपल्याकडे ते येत नाही; तांड्यावर तर नाहीच. तुझ्या नियमानं ही दुरुस्ती नव्हे, नुसता खुलासा. ते मला मान्य आहे, उगीच चिडू नकोस.

देशमुख सरांचा काल पुन्हा फोन आला. त्याच पानावर, त्याच कोपऱ्यात जागा धरून ठेवली आहे म्हणाले, पण जाहिराती यायला लागल्यात, किती दिवस धरणार. मी बसले लिहायला. ‘आमच्या अंकात प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रातील शेवंता राठोड या वधू नव्हत्या. त्या’ इथपर्यंत आले. तिकडे तांड्यावर ह्याच वेळी सुनीता याडीला ती ओळ वाचून दाखवत असेल. कागद टाइपरायटरमध्येच आहे. दुरुस्ती द्यायची राहिली आहे.